अंतर, हंगाम आणि भाषा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विद्यार्थी-सहाय्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'विद्यार्थी-सहाय्य' ही संज्ञा आज महाविद्यालयांच्या परिचयाची झाली आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली. तिच्या सात निकषांच्या चौकटीत 'विद्यार्थी सहाय्य व प्रगती' हा पाचवा निकष होता. त्यामुळे शिष्यवृत्तीधारकांची संख्या, समुपदेशन कक्ष, उपचारात्मक वर्ग, तक्रार निवारण समिती, माजी विद्यार्थी संघ इत्यादींच्या नोंदी ठेवण्याची शिस्त महाविद्यालयांना लागली. ही शिस्त उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि, सहाय्य ही मूल्यांकनासाठी नव्याने निर्माण झालेली बाब आहे, असा समज त्यातून दृढ होण्याची शक्यता असते. वस्तुतः महाराष्ट्रात विद्यार्थी-सहाय्याचा इतिहास या निकषाहून बराच जुना आहे आणि त्याचे यशापयश पूर्व विदर्भातील वनप्रदेशात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १०,७२,९४२ इतकी होती. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर व लोकसंख्या २२,०४,३०७ होती. अनुसूचित जमातींचे प्रमाण गडचिरोलीत सुमारे ३९ टक्के, तर चंद्रपुरात सुमारे १८ टक्के होते. विरळ वस्ती, विस्तीर्ण जंगल, पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या आणि घरोघरी वेगळी भाषा अशा परिस्थितीत उच्च शिक्षणाचा प्रसार झाला. या प्रसाराच्या प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याची मुख्य अडचण 'अंतर' हीच मानली गेली आणि ते कमी करण्यावर भर राहिला. परंतु अंतर कमी झाल्याने अध्ययन सुलभ होतेच असे नाही. हंगाम आणि भाषा या दोन अडचणी तशाच राहिल्या. त्यांचा भार मात्र सर्वांत कमी साधने असलेल्या महाविद्यालयांवर आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यावर पडला. ही प्रक्रिया कशी घडली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नागपूरचे विद्यापीठ आणि चांद्याचा विद्यार्थी

आजचे दोन्ही जिल्हे पूर्वी 'चांदा' या एकाच जिल्ह्यात समाविष्ट होते आणि तो जिल्हा मध्य प्रांताचा भाग होता. प्रांतातील आरंभीची महाविद्यालये नागपुरात निघाली. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. त्या काळी प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा परीक्षेचे केंद्र प्रांतात आले. परंतु चांद्याच्या विद्यार्थ्याला घर सोडून नागपूर गाठणे टळले नाही.

या काळातील पदवीचा विद्यार्थी बहुधा शहरातील, नोकरदार वा जमीनदार कुटुंबातील असे. ज्याच्या घरी खोलीभाडे व खानावळ यांचा खर्च पेलण्याची ऐपत होती, अथवा नागपुरात ज्याचा एखादा नातेवाईक होता, त्यालाच हे शिक्षण मिळे. दक्षिणेकडील सिरोंचा तर नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील सर्वसामान्य कुटुंबाच्या विचारातही विद्यापीठ येण्याचे कारण नव्हते. सहाय्य म्हणून जे काही होते, ते आप्तांच्या आश्रयाचे आणि दात्यांच्या औदार्याचे होते. विद्यापीठाची जबाबदारी परीक्षा घेणे आणि पदवी देणे येथपर्यंतच सीमित होती.

वसतिगृह आणि शिष्यवृत्ती : सहाय्याची दोन जुनी रूपे

महाराष्ट्रात विद्यार्थी-सहाय्याचे पहिले संघटित रूप वसतिगृहाचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले. या वसतिगृहांत केवळ निवास व भोजन मिळत नव्हते. अभ्यासाची वेळ ठरलेली असे, वरच्या वर्गातील मुलगा खालच्या मुलाला शिकवी आणि श्रम करून शिकण्याची सवय लागे. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला अभ्यासाचे वातावरण मिळवून देणे, हे त्या व्यवस्थेचे खरे कार्य होते. आज ज्याला 'अध्ययन-सहाय्य' म्हटले जाते, ते तेथे निवासाबरोबरच दिले जात होते.

दुसरे रूप शिष्यवृत्तीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांमुळे अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. १९५९ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कसवलत मिळू लागली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षेचा सोहळा केला. त्यानंतर या परिसरातील दलित समाजात शिक्षणाची जी ओढ निर्माण झाली, तिला शिष्यवृत्तीचा आधार मिळाला. चंद्रपुरातील दीक्षाभूमीच्या परिसरात पुढे डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

ही दोन रूपे पुढे मात्र परस्परांपासून विलग झाली. शासकीय वसतिगृहे समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांकडे राहिली, शिष्यवृत्तीही त्यांच्याकडेच राहिली, अध्यापन महाविद्यालयाकडे आणि परीक्षा विद्यापीठाकडे गेली. गडचिरोली जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची गडचिरोली, अहेरी व भामरागड अशी तीन प्रकल्प कार्यालये, तर चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर व चिमूर अशी दोन कार्यालये आहेत. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी कोणत्या विषयात मागे पडतो, हे गृहपालाला कळण्याची सोय नाही. वर्गात अनुपस्थित राहणाऱ्या विद्यार्थ्याचे वसतिगृहात काय बिनसले आहे, हे प्राध्यापकाला समजण्याची सोय नाही. २०१६ मध्ये वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम् योजना आली आणि निवास-भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. जागेअभावी शिक्षण सोडण्याची वेळ आलेल्या अनेकांना तिचा आधार झाला. परंतु रकमेतून खोली मिळते, अभ्यासाची संगत मिळत नाही. शाहू-कर्मवीरांच्या वसतिगृहातील अर्धा भाग या व्यवहारात गळून पडला.

महाविद्यालय जवळ आले

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत जिल्ह्यातील उच्च शिक्षणाचा नकाशा बदलला. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये वसवलेल्या आनंदवनातील कुष्ठरोगमुक्त रहिवाशांच्या श्रमांतून उभी राहिलेली ही संस्था परिसरातील मुलामुलींसाठी होती. ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांनीच समाजाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारावे, ही घटना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात असाधारण आहे. चंद्रपुरात जनता महाविद्यालय, सरदार पटेल महाविद्यालय, तर ब्रह्मपुरीत नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालय अशा संस्थांनी शिक्षणाचा विस्तार केला.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर विद्यार्थी-सहाय्याची संकल्पना स्पष्ट होत होती. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थी-कल्याणाचा विचार विद्यापीठीय कार्याचा भाग म्हणून केला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्यापुढे जाऊन विद्यार्थी-सेवा हे केवळ कल्याणकार्य नसून शिक्षणाचेच अविभाज्य अंग आहे, अशी भूमिका घेतली. नवागतांना परिचय-कार्यक्रम, आरोग्यसेवा, निवास, मार्गदर्शन व समुपदेशन, वसतिगृहात न राहणाऱ्यांसाठी दिवसभर बसून वाचता येईल अशी अभ्यासकेंद्रे आणि विद्यार्थी-कल्याणासाठी स्वतंत्र अधिष्ठाता, असे सविस्तर चित्र आयोगाने मांडले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरातील आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी असलेले शिक्षणतज्ज्ञ होते. ग्रामीण विद्यार्थ्याचे शिक्षण कोठे अडते, याची त्यांना प्रत्यक्ष जाण होती.

प्रत्यक्षात या शिफारशींतील जे स्वस्त होते ते आले आणि जे खर्चिक होते ते मागे राहिले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये निघू लागली. आरमोरी, कुरखेडा, अहेरी, आलापल्ली अशा ठिकाणी पदवीचे शिक्षण उपलब्ध झाले. मुलींच्या दृष्टीने हे परिवर्तन विशेष महत्त्वाचे होते. चंद्रपूर वा नागपूरला न पाठवली जाणारी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊ लागली. मात्र २००१ नंतर राज्यात नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण आले. परिणामी दुर्गम भागात जे महाविद्यालय उशिरा पोहोचले, ते अनुदानाविना पोहोचले. तेथे ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि पूर्णवेळ अध्यापक यांची चणचण राहिली. ज्या विद्यार्थ्याला सर्वाधिक सहाय्याची गरज होती, त्याच्या वाट्याला सहाय्य देण्याची सर्वांत कमी क्षमता असलेले महाविद्यालय आले.

भाषेची पायरी

स्वातंत्र्यानंतर लवकरच मराठी व हिंदी माध्यमांचा स्वीकार करणाऱ्या विद्यापीठांत नागपूर विद्यापीठाची गणना होते. बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी हा निर्णय हितकारक ठरला. परंतु या दोन जिल्ह्यांत मराठी ही सर्वांची घरची भाषा नाही. भामरागड व एटापल्लीकडे माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंचा परिसरात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील निर्वासित वसाहतींत बंगाली बोलली जाते. झाडीपट्टीतील मराठी घरांतही झाडीबोली बोलली जाते, ती पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा बरीच निराळी आहे. अशा विद्यार्थ्यासाठी ग्रांथिक मराठी ही दुसरी आणि विज्ञान शाखेत गेल्यास इंग्रजी ही तिसरी पायरी ठरते. पदवीच्या प्रथम वर्षात त्याला विषय कळत नाही, असे अनेकदा गृहीत धरले जाते. वास्तविक त्याला विषयाची भाषा कळत नसते.

या अडचणीवर विद्यापीठ अनुदान आयोगाने उपचारात्मक वर्गांचा उपाय योजला. दहाव्या (२००२-०७) व अकराव्या (२००७-१२) पंचवार्षिक योजनांच्या काळात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी या वर्गांना अनुदान मिळत असे. यात दोन मर्यादा होत्या. एक, आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) व १२(ब) खाली नोंद असलेल्या महाविद्यालयांनाच हे अनुदान मिळू शकत होते. त्यामुळे नव्या विनाअनुदानित महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहेर राहिले. दोन, या वर्गांत बहुधा वर्गात शिकवलेलाच भाग पुन्हा शिकवला जाई. घरच्या भाषेपासून विषयाच्या भाषेपर्यंत नेणारा पूल त्यात नव्हता. २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली. त्यामुळे योजनेच्या कालावधीशी बांधलेल्या या सहाय्याचा पायाही ढासळला.

हंगाम आणि वेळापत्रक

विद्यापीठाचे शैक्षणिक वर्ष नागपूरसारख्या शहराच्या सोयीने आखले गेले होते. ते जून-जुलैमध्ये सुरू होते. याच काळात धानाची रोवणी असते आणि नद्यांना पूर येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, ही वार्षिक बाब आहे. वर्गांचे पहिले काही आठवडे, म्हणजेच विषयाची ओळख होण्याचा काळ, दूरच्या विद्यार्थ्याच्या हातून निसटतो. वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होत. तेव्हा मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. सत्रपद्धती आल्यावर हिवाळी परीक्षा धानाच्या कापणी-मळणीच्या सुमारास आणि उन्हाळी परीक्षा तेंदूपत्त्याच्या हंगामाला लागून येऊ लागली. मे महिन्यातील तेंदूपत्ता संकलन हे असंख्य कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे प्रमुख साधन आहे. वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातूनच भागतो. म्हणून या दिवसांत विद्यार्थी अनुपस्थित राहतो, तेव्हा तो शिक्षणाबाबत उदासीन असतोच असे नाही. बऱ्याचदा तो शिक्षणाचाच खर्च कमावत असतो. हजेरीपट मात्र या दोहोंत भेद करीत नाही.

गोंडवाना विद्यापीठ : नवी संधी, जुना प्रश्न

दोन्ही जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी २७ सप्टेंबर २०११ च्या अधिसूचनेने पूर्ण झाली आणि २ ऑक्टोबर २०११ पासून गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे नाव धारण केलेल्या नागपूर विद्यापीठाकडून या जिल्ह्यांतील महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे आली. गुणपत्रिकेतील एका चुकीसाठी नागपूरची वारी करणे थांबले, हा लाभ लहान नव्हे. विद्यापीठाचा कारभार प्रथमच वनप्रदेशात आला.

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमात विद्यार्थी कल्याण मंडळाची तरतूद होती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने तिच्या जागी विद्यार्थी विकास मंडळ आणले. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे. 'कल्याण' या शब्दात घेणारा व देणारा असा भेद आहे, 'विकास' या शब्दात विद्यार्थ्याच्या क्षमतेवर विश्वास आहे. तथापि, मंडळाच्या कामाचा दृश्य भाग युवा महोत्सव, स्पर्धा आणि शिबिरे यांचाच राहतो. प्रवेश आणि परीक्षा यांच्या दरम्यान वर्गातून हळूहळू नाहीसा होणारा विद्यार्थी हा कोणत्याही मंडळाचा विषय होत नाही. प्रवेशाची आकडेवारी असते, निकालाची असते. मधल्या काळातील गळतीची नोंद ठेवण्याचे दायित्व निश्चितपणे कोणाचेच नसते.

स्थानिक अनुभवातील धडे

या प्रश्नाची उत्तरे बाहेरूनच आणावी लागतील असे नाही. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात १९७६ मध्ये शाळा काढली. तेथे माडिया मुलांशी आधी माडियात बोलून मग मराठीकडे नेण्याची पद्धत अवलंबली गेली. त्या शाळेत शिकलेली मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांच्या पुढाकाराने गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. घरची भाषा हा अडथळा नसून शिडी आहे, हे या दोन्ही प्रयोगांचे सार आहे. शाळेच्या पातळीवर जे साधले, ते पदवीच्या प्रथम वर्षासाठी द्विभाषिक शब्दसूची व मौखिक स्पष्टीकरण अशा स्वरूपात साधणे अशक्य नाही.

दुसरा धडा धानोरा तालुक्यातीलच मेंढा (लेखा) गावाचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील आरंभीच्या गावांत त्याची गणना होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तेथे 'अभ्यासगट' ही पद्धत रुजली. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी गावकरी विषय समजून घेण्यासाठी एकत्र बसतात. बाहेरचा जाणकार येतो, तो माहिती देतो, आदेश देत नाही. निर्णय ग्रामसभा घेते. ज्या प्रदेशात निरक्षर माणसेही कायद्याचा अभ्यास गटाने करतात, त्या प्रदेशातील महाविद्यालयाला सहाध्यायी-अभ्यासाची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला ती गोटुलाच्या परंपरेमुळेही जवळची आहे.

तिसरा धडा मुक्त शिक्षणाचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्र, स्वयंअध्ययनाचे साहित्य आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम यांना व्यवस्थेत स्थान दिले. विद्यार्थी रोज वर्गात येणार नाही, हे तेथे आरंभीच गृहीत धरले आहे. हंगामात घरी राहावे लागणाऱ्या नियमित विद्यार्थ्याच्या हाती असे साहित्य पडले, तर त्याची अनुपस्थिती म्हणजे शिक्षणाचा शेवट ठरणार नाही. गोंडवाना विद्यापीठानेही अलीकडच्या काळात गावातच पदवीचे वर्ग भरवण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यामागील दिशा हीच आहे.

समारोप

गेल्या शंभर वर्षांचा हा प्रवास पाहता, विद्यापीठ अलाहाबादहून नागपूरला, महाविद्यालय नागपूरहून वरोरा-चंद्रपूरला, तेथून तालुक्याला आणि अखेर विद्यापीठच गडचिरोलीला आले. अंतराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. परंतु प्रत्येक टप्प्यावर संस्था जवळ येत असताना तिच्या ठायी असलेले सहाय्य विरळ होत गेले. निवास एका विभागाकडे, पैसा दुसऱ्या मार्गाने, अध्यापन तिसऱ्याकडे, अशी विभागणी झाली आणि विद्यार्थी या सर्वांना जोडणारा एकमेव दुवा उरला. हा दुवा बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा आणि घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणारा असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीमुळे हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. तीत एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. परतण्याचा मार्ग खुला असेल, तर ही मुभा वनप्रदेशातील विद्यार्थ्याला वरदान ठरू शकते. तसे नसेल, तर पूर्वी ज्याला गळती म्हटले जाई, तिलाच प्रमाणपत्राचे नाव मिळेल आणि ती आकडेवारीतून अदृश्य होईल.

म्हणून या दोन जिल्ह्यांत विद्यार्थी-सहाय्याचा आरंभ तीन साध्या गोष्टींनी व्हावयास हवा. गृहपाल आणि प्राध्यापक यांची दर महिन्याला एकत्र बैठक व्हावी. परीक्षेचे वेळापत्रक आखताना मोहफूल, तेंदू आणि धान यांचे दिवस समोर ठेवले जावेत. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात विषयाची भाषा शिकवण्यास अभ्यासक्रमातच स्थान मिळावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी मोठे अनुदान लागत नाही, तिसरीसाठी अध्यापकांची तयारी लागते. कोठारी आयोगाने सहाय्याला शिक्षणाचे अविभाज्य अंग म्हटले होते. शाहू महाराज व कर्मवीरांच्या वसतिगृहांत ते तसे होते. वनप्रदेशातील महाविद्यालयात ते पुन्हा तसे होईल, तेव्हाच विद्यापीठ खऱ्या अर्थाने येथे पोहोचले असे म्हणता येईल.